पंचांसमक्ष पावडर

गाळ काढायचा लोखंडी जबडा पाण्याबाहेर आला, त्यातून काळाकुट्ट गाळ ठिबकला आणि सडक्या अंड्यांचा वास होडीभर पसरला. सावळेरामने तोंड फिरवून उपरण्याचा शेव नाकाला लावला. आरती मॅडमनी मात्र डोळे मिटून छाती भरून श्वास घेतला.

"वा! काका, काय सुंदर नमुना आलाय!"

सावळेराम उंबरकोंड ग्रामपंचायतीचा पाणीवाला. धरणातून पाणी उपसून टाकीत चढवायचं, टाकीत जंतू मारायची पावडर टाकायची आणि गावाला सोडायचं, एवढं त्याचं काम. या कामात त्याने तऱ्हेतऱ्हेची माणसं पाहिली होती. नळाला पाणी आलं नाही म्हणून शिव्या देणारी, आलं तर उशिरा आलं म्हणून देणारी, आणि वेळेवर आलं तर आज कसं काय आलं म्हणून संशय घेणारी. पण घाण वासाने हरखून जाणारं माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

"मॅडम, हा वास चांगला का वाईट?"

"माझ्यासाठी चांगला, काका. तुमच्यासाठी वाईट."

सावळेरामला हे आवडलं. सरळ उत्तर ऐकायची त्याची सवय अलीकडे मोडली होती.

आरती मॅडम पुण्याहून आल्या होत्या. शिनोलीपर्यंत एस.टी.ने आणि पुढे वडापच्या जीपने, मांडीवर बर्फाची पेटी घेऊन. धरणाच्या तळाच्या गाळात कोणकोणते जिवाणू राहतात, यावर त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. पहिल्या दिवशी सावळेरामने विचारलं होतं, "म्हंजी सुई टोचणाऱ्या?" त्या म्हणाल्या, "नाही, नुसतं नावापुढे लावायच्या." त्यांच्याकडे पाटबंधारे खात्याची परवानगी होती, ग्रामपंचायतीकडे जॅकवेलची, म्हणजे धरणातल्या उपसा-विहिरीची, जाळी साफ करायची होडी होती आणि होडी वल्हवायला सावळेराम होता. तिघांपैकी सावळेरामचीच परवानगी कोणी विचारली नव्हती.

"चमचाभर गाळात आख्ख्या आंबेगाव तालुक्याहून जास्त वस्ती असते," मॅडम गाळ बाटलीत भरता भरता सांगायच्या. "वरच्या थरातले हवेवर जगतात. जरा खाली गेलं की हवा संपते. तिथले हवेशिवाय जगतात. एकाने टाकलेलं दुसरा खातो, दुसऱ्याने टाकलेलं तिसरा. काही वाया जात नाही."

"भांडत न्हाईत का?"

"खाणं कमी असलं तर. इथे कुठे कमी आहे?"

ते खरंच होतं. वरच्या अंगाला कांदा, बटाटा, ऊस. पोत्यांनी युरिया पडायचा, आणि पिकाने नाकारलेला पावसाबरोबर धरणात यायचा. दोन गावांची गटारं यायची. सरपंच गेणभाऊंच्या पोल्ट्रीचं धुवण ओढ्याने यायचं. उन्हाळ्यात पाणी असं हिरवं व्हायचं, की म्हशीसुद्धा उतरण्याआधी विचार करायच्या. ते हिरवं मरून तळाशी बसायचं आणि तळच्या मंडळींची पंगत उठायचीच नाही.

"खाऊन खाऊन वायू सोडतात, त्याचाच हा वास," मॅडमनी बाटलीचं बूच घट्ट केलं.

"आन इतकी घाई कशापायी? पळून जात्यात का?"

"हवा लागली की मरतात, काका. त्यांना उघड्यावर आणलेलं सोसत नाही."

सावळेरामने वल्हं पाण्यात घातलं. उघड्यावर आणलेलं न सोसणारे गावातले दोन-चार त्याच्याही ओळखीचे होते.

*

गोष्ट नव्व्याण्णव सालच्या वैशाखातली, मॅडम यायच्या बऱ्याच आधीची. सरपंच गेणभाऊंच्या थोरल्याचं लग्न होतं. मंचरच्या बाजारातले आडते, राजगुरुनगरचे पाहुणे, पंचायत समितीचे साहेब, असं आठ गावांचं जेवण. आदल्या संध्याकाळी गेणभाऊ स्वतः टाकीपाशी आले.

"सावळ्या, उद्या पावडर नको टाकू."

"का वो?"

"आरं, च्याला वास येतोय. मागं भागूच्या लग्नात पावण्यांनी कप तसंच ठिवलं. आमची काय इज्जत हाय का न्हाई?"

यात नवल काहीच नव्हतं. उंबरकोंडची ही रीतच होती. लग्न असो, साखरपुडा असो, दहावं असो, मोठं जेवण असलं की त्या दिवशी टाकीला पावडर बंद. पावडरच्या वासाने चहा बिघडतो, वरण बिघडतं आणि यजमानाचं नाव बिघडतं. पोटं बिघडतील हा विचार कोणाच्या मनात येत नसे, कारण आजवर बिघडली नव्हती. सावळेरामने मान हलवली. तो तळेघरकडचा, डोंगरातला. बायकोच्या गावाला येऊन राहिलेला. नाही म्हणायचा सराव त्याला नव्हता.

त्या साली धरण पार तळाला गेलेलं. नेमकं लग्नाच्या आदल्या दिवसापासून जॅकवेलच्या सगळ्यात खालच्या झडपेतून पाणी घ्यावं लागत होतं. ते जरा काळपट येत होतं आणि नाक लावलं तर त्याला वासही होता. पण लग्नघरात गुलाबपाणी इतकं उडत होतं, की तिकडे कोणाचं नाक गेलं नाही.

टाकीच्या पायथ्याशी गोजरबाईचं खोपट होतं. एकटी म्हातारी. रांगेत उभं राहणं जमत नसे, म्हणून सावळेराम तिची कळशी पहिल्यांदा भरून द्यायचा. त्याचं बक्षीस म्हणून ती त्याला रोज सकाळी शिवी द्यायची. तो टाकीवरून उतरला की ती दारात उभीच.

"मुडद्या, आज लई मारलीस रं पावडर! च्या पिऊ का दवाखाना पिऊ?"

लग्नाच्या दिवशी मात्र ती पदर सावरत बाहेर आली, एक घोट घेतला आणि हसली.

"सावळ्या, आज काय केलंस रं? पानी कसं ग्वाड झालंय!"

तिसऱ्या दिवशी गाव आडवं झालं. जीपा भरभरून माणसं घोडेगावच्या दवाखान्यात गेली. गोजरबाई वाटेतच गेली. जाताना तिने पाणी मागितलं होतं, असं जीपवाला सांगत होता.

चौकशी झाली. चौकशीला आलेले साहेब त्याच मांडवात जेवले होते आणि घरी गेल्यावर तीन दिवस अंथरुणात होते. त्यामुळे चौकशी अगदी पोटतिडकीने झाली.

"पावडर का टाकली नाही?" साहेबांनी विचारलं.

"सरपंच म्हनलं नको टाकू."

"मी?" गेणभाऊंनी डोळे एवढे मोठे केले, की ते खरंच विसरले असावेत असं सावळेरामलाही क्षणभर वाटलं. "साहेब, माझ्या घरचं कार्य. मी माझ्याच पावण्यांना मारीन व्हय? पावडर विकली ह्यानं. पोल्ट्रीवाल्यांना लागती की, शेड धुवायला."

गावात पोल्ट्री एकच होती, गेणभाऊंची. पण तेवढा हिशेब करायला त्या दिवशी कोणाच्या अंगात त्राण नव्हतं. दोघा सदस्यांनी माना डोलावल्या. भागूही तिथेच होता. आपल्या लग्नातल्या चहाचा विषय निघतो की काय म्हणून तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसला.

सावळेरामला काढून टाकलं नाही. तेवढ्या पगारात टाकीची ती गंजकी शिडी चढायला दुसरा कोणी तयार नव्हता. त्याऐवजी ग्रामपंचायतीने ठराव केला. यापुढे पाणीपुरवठा कर्मचाऱ्याने टाकीवर चढून, गावाला ऐकू जाईल अशी हाळी देऊन, पंचांसमक्ष पावडर टाकावी.

पहिल्या सकाळी निम्मं गाव खाली जमलं. सावळेराम पावडर कालवलेली बादली घेऊन वर चढला, कठड्याशी उभा राहिला आणि ओरडला, "टाकतोय हो! बघा!" पोरं हसली. बापे माना वर करून बघत राहिले. एक जण म्हणाला, "आरं, चुनाच कालवला नसंल कशावरनं?" ही शंका पुढे बरेच दिवस टिकली. मग पंच आळीपाळीने येऊ लागले. मग ज्याची पाळी असेल तो घरातूनच "बघितलं, बघितलं" म्हणू लागला. वर्ष फिरलं तशी टाकीखाली कुत्री तेवढी उरली, आणि ती मूळ ठरावात नव्हती.

हाळी मात्र सावळेरामने सोडली नाही.

"आता कोन बगतंय तवा वरडताय?" बायको सोनीबाई वैतागायची. "मला बाया इचारत्यात, सकाळच्या पारी तुजा नवरा कुनाला बोलावतो म्हनून."

"ठराव हाय."

"ठराव करनारं इसरलं."

"मी न्हाई ना इसरलो."

बाकी गाव विसरलं होतं, पण सोयीपुरतं. कोणाच्या शेतातली मोटार गेली, कोणाचा पाइप गेला, की पहिली नजर टाकीकडे जायची. सावळेरामच्या मुलीला, नूतनला, बघायला आलेले पाहुणे चहा घेऊन गेले आणि निरोप आला, "मुलगी चांगलीय, पन वडलांचं ते पावडरचं प्रकरण..." नूतनचं लग्न पुढे झालं. लांबच्या गावी, जिथं उंबरकोंडचं पाणी पोचत नव्हतं आणि बातमीही.

हे सगळं सावळेरामने गिळलं असतं. त्याच्या घशाशी अडकली होती ती वेगळीच गोष्ट. त्याने पावडर विकली नव्हती, हे त्याचं त्याला ठाऊक होतं. पण त्याने ती टाकलीही नव्हती. रोज बादली कालवताना त्याच्या मनात यायचं, त्या दिवशी एवढी एक बादली ओतली असती, तर म्हातारी आजही शिवी द्यायला दारात उभी असती का? हे विचारायचं कोणाला? गावात विचारलं असतं तर ते कबुलीजबाबासारखं दिसलं असतं.

म्हणून त्याने ते होडीत विचारलं.

*

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मॅडम आल्या त्या वर्षीचा उन्हाळाही कडक होता, पाणी तळाला गेलं होतं. त्यांनी दोन काचेच्या नळ्या काढल्या. एकीत वरचं पाणी घेतलं, दुसरीत तळाजवळचं, जरा राखाडी.

"तुमची पावडर आणलीय?"

सावळेरामच्या शर्टाच्या खिशात पुडी असायचीच. मॅडमनी दोन्हींत चिमूट चिमूट टाकली, थोड्या वेळाने औषधाचे थेंब टाकले. हे थेंब सावळेरामच्या ओळखीचे होते. आरोग्यसेविका नळाला ते लावून बघायची. पाणी पिवळं झालं म्हणजे पावडर आहे. नाही झालं म्हणजे सावळेरामला बोलणी.

वरचं पाणी पिवळं झालं. तळाचं तसंच राहिलं.

"टाकली की तुमी. मी बघितली."

"टाकली. पण गाळातून वर आलेला वायू आणि बाकीची घाण तिला आल्या आल्या संपवते. जंतू मारायला ती उरतच नाही." त्यांनी आणखी पावडर टाकली. रंग नाही. आणखी टाकली. नाही.

होडी आपली आपण हळूहळू फिरत होती. सावळेराम ती नळी उन्हासमोर धरून बसला होता. त्या राखाडी पाण्याकडे इतका वेळ बघण्यासारखं काय आहे, हे काठावरून बघणाऱ्याला कळलं नसतं.

"म्हंजी त्या दिशी मी बादलीभर टाकली असती, तरी..."

"तरी असंच झालं असतं, काका. पाणी इतकं खाली असताना त्या झडपेतून घ्यायलाच नको होतं."

सावळेरामने घसा खाकरला. वल्हं मारत होडी काठाला आणली. होडी बांधल्यावर म्हणाला, "मॅडम, हे तुमी लिवनार?"

"लिहिणार तर."

"आन गावात सांगनार? समद्यांसमोर?"

"सांगेन की. त्यात काय?"

त्यात काय, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. पण सावळेरामने पुढचं सव्वा वर्ष त्यांना अशा होडीतून फिरवलं, की जणू वरातच निघाली आहे. होडीत बसायला घोंगडी आली. सोनीबाईच्या हातची भाकर आणि ठेचा आला. पावसात, धुक्यात, जलपर्णी हाताने बाजूला करत त्याने मॅडमना हवा तिथला गाळ दिला. गाळ वर आला, की तो आता नाक झाकत नव्हता. उलट विचारायचा, "आला का चांगला वास?"

*

मॅडम डॉक्टर झाल्या. पेढे घेऊन गावात आल्या, आणि गेणभाऊंनी ग्रामसभेत त्यांचा सत्कार ठेवला. सरपंचपद तोवर महिलांसाठी राखीव झालं होतं. त्यामुळे खुर्चीवर त्यांच्या सौभाग्यवती सारजाबाई बसल्या होत्या आणि शेजारच्या खुर्चीवरून गेणभाऊ कारभार करत होते. शाल झाली, नारळ झाला. सावळेराम धुतलेला शर्ट घालून पुढे बसला होता. सोनीबाईला त्याने मुद्दाम आणलं होतं. ती बायकांत न बसता दाराशी उभी होती, नीट ऐकू यावं म्हणून.

मॅडमनी जिवाणूंची माहिती दिली. किती जाती, किती पोटजाती, कोण हवेवर जगतं, कोण हवेशिवाय.

"आपल्या गावापरीस मोठी वस्ती म्हना की," मागून कोणी तरी म्हणालं.

"मग त्यांची नावं मतदारयादीत घाला राव, गेणभाऊ!"

"घातलीत की! मागल्या टायमाला मतं कुठनं आली मग?"

गेणभाऊसुद्धा हसले. सभा मजेत होती. सावळेराम उठून उभा राहिला. त्याचा हात खिशातल्या पुडीवर होता.

"मॅडम, त्ये पावडरचं सांगा. तळाच्या पान्याचं."

हसणं थांबलं. मॅडमनी पाण्याचा ग्लास उचलला, आत बघितलं आणि परत ठेवला.

"हो... म्हणजे, तळाशी घाण फार साचली, तर पावडरचा परिणाम कमी होतो, असं दिसतं."

"मंजे आमच्या धरनात?" गेणभाऊंनी विचारलं. आवाज अगदी मऊ होता. "आमच्या धरनाचं पानी खराब हाय, असं छापलंय तुमी?"

"नाही, नाही. लेखात धरणाचं नाव नाही. परवानगीची तशी अट होती. 'पश्चिम भारतातला एक जलाशय' एवढंच लिहिलंय."

"मग झालं तर!" गेणभाऊ सभेकडे वळले. "पश्चिम भारत लई मोठा हाय. तिथल्या कुठल्या तरी पान्याशी आपला काय संबंध?"

"पन मॅडम," सावळेराम अजून उभाच होता, "त्या लग्नाच्या टायमाला—"

मॅडमनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा गेणभाऊंकडे. समोर त्यांच्याच पुढच्या तीन वर्षांच्या कामाचा अर्ज होता, ग्रामपंचायतीच्या ना-हरकतीसाठी आणलेला, अजून सही न झालेला.

"त्या वर्षीचे नमुने माझ्याकडे नाहीत, काका. त्याबद्दल खात्रीने काही म्हणता येणार नाही."

हे खोटं नव्हतं. सावळेराम खाली बसला. त्याला पेढा देण्यात आला. त्याने तो हातात धरून ठेवला. सारजाबाईंनी गेणभाऊंनी दाखवलेल्या जागी सही केली. दाराशी सोनीबाई आता नव्हती.

फाट्यावर जीपची वाट बघताना मॅडमनी पिशवीतून छापील लेख काढला. "काका, तुमचे आभार मानलेत हं यात. हे बघा." त्यांनी इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं. "'स्थानिक नावाड्याचे आम्ही ऋणी आहोत.'"

सावळेरामने ओळीवरून बोट फिरवलं. "यात माजं नाव कुठं हाय?"

"नाव घालता आलं नाही. नावावरून गाव कळलं असतं, आणि गावावरून धरण." जीप येऊन उभी राहिली. "काका, मी तिथे बोलले असते, तर..."

"न्हाई न्हाई. समजलं मला." त्याने बर्फाची पेटी उचलून जीपच्या टपावर चढवली, दोरी दोनदा ओढून बघितली. "उघड्यावर आनलं की मरत्यात. तुमीच म्हनला व्हता."

जीप भरली होती, कोणी तरी "चला वो बाई" म्हणत होतं. सावळेरामने लेखाची घडी घालून त्यांच्या पिशवीत परत ठेवली.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. आमच्यात कोन वाचनार? पुडच्या बारीला कवा येनार, तेवडं कळवा. होडीला डांबर लावायचंय."

*

दुसऱ्या दिवशी सोनीबाईने चहा ठेवला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आज तरी वरडू नगा."

सावळेराम चहा पिऊन उठला. टाकीपाशी गेला. बादलीत पावडर कालवली, चुना खाली बसू दिला, आणि बादली खांद्याला अडकवून शिडी चढला. वरून धरण दिसत होतं. हिरवं, निवांत, जणू मखमल पसरली आहे. एवढ्या उंचीवर वास येत नव्हता. काठाला गेणभाऊंच्या पोल्ट्रीचा पत्रा चमकत होता. खाली गावात धूर निघायला लागला होता, कोणाचा तरी टीव्ही भजन म्हणत होता.

तो कठड्याशी आला.

"टाकतोय हो! बघा!"

कोणी मान वर केली नाही. एका कुत्र्याने कान हलवला. पायथ्याशी गोजरबाईच्या दाराला कुलूप होतं आणि उंबऱ्याच्या फटीतून गवत वाढलं होतं.

म्हातारीला उठायला वेळ लागायचा. आधी गुडघ्यावर हात, मग भिंतीला हात, मग पदर. तेवढा वेळ सावळेराम बादली हातात धरून थांबला.

शिवी आली नाही. त्याने बादली तिरकी केली.